सरळ वायरीचा माणूस

जगात जे सरळ आहे ते टिकतं आणि ज्याला पीळ आहे ते जळतं. माणूस असो, दोर असो की वायर असो, हा नियम आजवर कुणाला चुकलेला नाही. वायरमनने हे वाक्य अंगणाच्या मधोमध उभं राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून उच्चारलं. हात कमरेवर होते, कारण पायजम्याच्या नाडीला निरगाठ बसली होती आणि बायको खाली बसून ती सुईने सोडवत होती.

"हलू नका," ती म्हणाली. "तत्त्वज्ञान नंतर सांगा. सुई लागेल."

वायरमनचा मूळ धंदा मोटारी भरण्याचा. विहिरीवरची मोटार जळली की लोक ती खांद्यावर घालून आणत, आणि तो तिची जळकी आतडी उपसून नवी तांब्याची तार भरे. वेढ्याला वेढा असा लागून, की भांग पाडल्यासारखं दिसावं. तीस वर्षं गावात मोटारी जळल्या की याच्या घरी चूल पेटे. पण यंदा विहिरींनीच तळ दाखवला. पाणी नाही म्हणून मोटार चालत नाही, आणि न चालणारी मोटार जळत नाही. विजेचा हा साधा नियम त्याच्या असा मुळावर येईल असं त्याला वाटलं नव्हतं. चार महिन्यांत त्याच्याकडे दोन पंखे आणि शाळेची एक घंटा एवढंच आलं. घंटा तर मास्तर दुरुस्त न करताच परत घेऊन गेले. ती बंद असल्यापासून मुलं वेळेवर येत होती.

अशा उन्हाळ्यात गावाबाहेरच्या दूध केंद्राचं काम निघालं. केंद्रात नवी यंत्रं येणार होती. दूध मोजणारी, दूध तपासणारी, टाकीचा थंडावा पाहणारी आणि फाटकावर कोण आलं-गेलं ते टिपणारी. या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला चोवीस लाइनी टाकायच्या होत्या. शहरातून तपासनीस येणार, तो आपलं यंत्र लावणार, आणि चोवीसच्या चोवीस पास झाल्या तर केंद्राची पुढची सगळी देखभाल त्याच घराकडे. एक जरी नापास झाली तर काम शहरातल्या बूटवाल्याकडे. त्याला बूटवाला म्हणत कारण तो शिडीवरही बूट घालून चढे, आणि जमिनीवर उभ्या असलेल्या माणसांशी वरूनच बोले.

काम घराकडे आलं ते सुनेमुळे. मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. सुनेने लग्नाआधी शहरात दोन वर्षं हेच शिकून घेतलं होतं. व्यवस्थापकांनी विचारलं, "हे जमणारं कोण आहे?" तेव्हा वायरमन म्हणाला, "मी." आणि थोडं थांबून म्हणाला, "म्हणजे आम्ही."

पहिलं भांडण वायरीच्या जातीवरून झालं. माळ्यावर शाळेच्या कामातून उरलेली एक पेटी होती. वायरमनने ती धूळ झटकून खाली आणली.

"ही पाच-ई आहे, मामंजी," सून म्हणाली. "कागदावर सहा-ए लिहिलंय."

"लिहिणाऱ्याचं काय जातं? वायर म्हणजे वायर. आतून तांबं, बाहेरून प्लास्टिक."

सासूबाई भाजी चिरत होत्या. त्यांच्या पुढ्यातलं ताट सुनेने ओढून घेतलं, भाजी एका कडेला सारली, आणि पाच-ई, सहा आणि सहा-ए असे तीन तुकडे ओळीने मांडले. सासूबाईंच्याच सुरीने तिन्हींची साल काढली. प्रत्येकाच्या आतून चार जोड्या निघाल्या. आठ तारा, दोन-दोन एकमेकींना वेटाळून बसलेल्या.

"बघा. पाच-ईचा पीळ सैल आहे. सहाचा घट्ट. आणि सहाच्या पोटात ही प्लास्टिकची फुली, चारी जोड्यांना चार खोल्या करून देणारी. सहा-ए त्याहून जाड, त्याहून घट्ट. पाच-ई जेवढं वाहून नेते त्याच्या दहापट सहा-ए नेते."

"मग सहा घ्या. मधली," सासूबाई म्हणाल्या. बाजारात त्या नेहमी मधलीच वस्तू घेत.

"सहाही दहापट नेते, पण पन्नासेक मीटरपर्यंत. पुढे दम लागतो. आपलं फाटक नव्वद मीटरवर आहे. सहा-ए शंभर मीटर धापा न टाकता जाते."

वायरमनने सहा-एचा तुकडा उचलून वाकवून पाहिला. तो वाकेना. "ही तर बूटवाल्यासारखी ताठ आहे," तो म्हणाला. मग चष्मा वर करून आत पाहिलं. "आणि एवढा पीळ कशाला घालून ठेवलाय? कारखान्यात सरळ माणूस नव्हता का एकही?"

"पीळ आहे म्हणूनच ती चालते."

"हो का," वायरमन म्हणाला. गावात 'हो का' म्हणजे 'मी ऐकलं नाही' असं समजतात.

पाच दिवस ओढकाम चाललं. केंद्राचं छत पत्र्याचं. दुपारी छताखाली चढलं की डोक्यावर तवा ठेवल्यासारखं होई. वायरमनच्या बनियनवर मिठाचे नकाशे उमटले. वायर ओढून दोघांच्या तळहाताची सालं गेली. सून खालून सोडायची, तो वरून ओढायचा, आणि दर दहा हातांवर खालून आवाज यायचा, "हिसका देऊ नका, मामंजी! तिला ताण सोसत नाही!"

"तीस वर्षं मोटारी ओढल्या विहिरीतून!"

"मोटारीला सोसतं!"

दूध घालायला आलेली माणसं कॅन टेकवून वर बघत बसत. त्यांतला एक दूधवाला, ज्याच्या दुधाबद्दल यंत्र येण्याआधीच सगळ्यांना खात्री होती, तो रोज विचारी, "वायरमन, हे दुधातलं पाणी ओळखणारं यंत्र नक्की कधी सुरू होणार?"

"शनिवारी."

"घाई करू नका. काम पक्कं करा," तो कळकळीने म्हणे.

मंगळवारी सगळ्या वायरी जागेवर आल्या. एक टोक कचेरीतल्या लोखंडी कपाटात, दुसरं ज्या-त्या भिंतीवरच्या बॉक्सपाशी. उरलं होतं टोकं बसवायचं काम. ती टोकं ज्यांत बसतात ते जॅक चार कमी पडले, म्हणून सून सकाळच्या गाडीने शहरात गेली. जाताना दोनदा बजावून गेली, "टोकांना हात लावू नका. ती मी येऊन करते."

वायरमन कपाटापुढे बसला. चोवीस वायरी समोर लोंबत होत्या. त्याने एकीची साल काढली. आतल्या तारा एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. त्याच्याच्याने बघवेना. पोरगी दिवसभर उन्हातान्हात फिरून येणार आणि हा गुंता तिला सोडवावा लागणार. आपण सासरे आहोत की शेजारी?

त्याने हातभर साल काढली. एकेक जोडी उलगडली. तारा मांडीवर ठेवून चमच्याच्या पाठीने इस्त्री केल्यासारख्या ताणल्या. खिशातला कंगवा काढून त्या विंचरल्या. मग त्या आठच्या आठ, शेजारी शेजारी, कवायतीला उभ्या असल्यासारख्या कपाटातल्या जॅकपर्यंत नेल्या, जास्तीचं टोक वीतभरही न ठेवता कापलं आणि पंच नावाच्या हत्याराने ठोकून बसवलं. वर प्लास्टिकचे पट्टे आवळले, ते असे, की वायरींना कंबर आली. कपाट झालं तसे भिंतीवरचे बॉक्सही केले. चार ठिकाणी जॅक नव्हते तिथे तारा नुसत्या विंचरून ठेवल्या.

संध्याकाळी सगळं केंद्र ते पाहायला लोटलं. व्यवस्थापक म्हणाले, "वा! याला काच बसवून घेऊ." दूधवाला म्हणाला, "इतकं सुंदर काम चालू करून बिघडवू नये."

सून आली. पिशवी हातातच राहिली. ती कपाटाकडे बराच वेळ बघत होती. वायरमन तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"कसं आहे?" त्याने विचारलं.

"छान दिसतंय, मामंजी," ती म्हणाली आणि खाली बसली.

सकाळी सांगू असं तिने ठरवलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच तपासनीस हजर झाला, तीन दिवस आधीच. बारीक, गोरा माणूस; यंत्र बाळासारखं छातीशी धरलेलं. तो म्हणाला, "शेजारच्या दोन केंद्रांवर काम आहे, शनिवारपर्यंत इथेच मुक्काम. म्हटलं, आधी एक नजर टाकू." व्यवस्थापक, चार दूधवाले आणि डबा घेऊन आलेल्या सासूबाई यांच्यासमोर त्याने पहिली लाइन लावली.

यंत्रावर लाल फुली आली.

दुसरी लाल. तिसरी लाल. अकराव्या फुलीला व्यवस्थापकांनी घाम पुसला. विसाव्याला दूधवाल्याने सुटकेचा श्वास सोडला.

"तुमचं यंत्र बिघडलंय," वायरमन म्हणाला. त्याने सुनेचं छोटं दिव्यांचं यंत्र लावून दाखवलं. आठच्या आठ दिवे ओळीने पेटले. "हे बघा! वीज या टोकाकडून त्या टोकाला जातेय की नाही?"

"जातेय," तपासनीस म्हणाला. "पण एकीतलं दुसरीला ऐकू जातंय. तारा जोडीने पिळलेल्या असल्या की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि कटतो. तुम्ही हातभर पीळ उलगडलाय. करंगळीच्या नखाएवढा चालतो."

"एवढंच ना? थांबा." वायरमनने एक बॉक्स उघडला, तारा सोडवल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला, आणि दोर वळावा तशा मांडीवर जोड्या वळल्या. चारी जोड्या एकसारख्या. बोटभर अंतरात वेढे मोजून पाहिले तर एकाचाही फरक नाही. अभिमानाने पुन्हा ठोकून दिल्या.

फुली आलीच. शिवाय आधीपेक्षा आकडा खाली गेला.

"आता काय झालं?"

सून हळूच म्हणाली, "चारी जोड्यांचा पीळ वेगवेगळा असावा लागतो, मामंजी. कारखान्यातून तसाच येतो. सगळ्या एका तालात वळल्या की एकमेकींचं फारच नीट ऐकू येतं."

मग सासूबाईंनी डबा खाली ठेवला.

"म्हणजे दोघं एकमेकांना धरून असली की शेजारघरचं कानावर येत नाही. आणि प्रत्येक घराची धरून राहायची तऱ्हा निराळी."

"हो, आई. बरोबर."

"यासाठी दोन वर्षं शाळेत जावं लागतं? मला विचारायचं."

तपासनीस शनिवारी परत येतो म्हणाला. व्यवस्थापकांनी वायरमनला बाजूला घेतलं आणि आवाज शक्य तितका मऊ केला. "बूटवाल्याला निरोप देऊन ठेवतो. फक्त ठेवतो. येऊ नको म्हणायला वेळ लागत नाही."

त्या दिवशी वायरमन जेवला नाही. म्हणजे जेवला, पण भाकरीकडे न बघता. सुनेने त्याच्यापुढे पाणी ठेवलं.

"मी सांगून गेले होते."

"गेली होतीस."

"मग?"

"तुला त्रास नको म्हणून केलं." तो ताटातल्या मिठाची रेघ सरळ करत बसला. "तारा गुंतलेल्या दिसल्या की माझा हातच जातो. तीस वर्षं हेच केलंय."

यावर सुनेला रागावताही येईना. ती म्हणाली, "उद्या तुम्ही शिडी धरा."

वायरमनने मान वर केली. गावात आजवर त्याची शिडी लोकांनी धरली होती. "बरं," तो म्हणाला, आणि मिठाची रेघ पुसून टाकली.

गुरुवारी सकाळी दोघं कामाला लागली, आणि खरी अडचण तेव्हा कळली. उलगडलेला भाग कापून टाकायला हवा. हातभर वायर जाणार. पण वायरमनने जास्तीची वीतही ठेवली नव्हती. चोवीस वायरी, दोन्ही टोकांनी, हातभर आखूड. नवी वायर ओढायची तर पाच दिवस, हातात दोन.

सून कपाळाला हात लावून कपाटासमोर उभी राहिली. वायरमन शिडीला टेकून उभा होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "वायर हातभर पुढे येत नाही. कपाट हातभर मागे जाईल का?"

"कपाट?"

"मोटार विहिरीत बसत नसली की आम्ही विहीर नाही खोदत. पाया सरकवतो."

सुनेने सासऱ्याकडे पाहिलं. सात वर्षांच्या नात्यात ती पहिल्यांदा त्याच्यासमोर मोठ्याने हसली.

कपाट सरकवायचं तर मध्ये व्यवस्थापकांचं टेबल होतं. टेबल सरकलं, मग खुर्ची, मग फायलींची मांडणी, आणि शेवटी व्यवस्थापक अशा जागी जाऊन बसले की समोरच्या भिंतीत आणि त्यांच्या नाकात फूटभर अंतर राहिलं. पाठ दाराकडे झाली. आलेला माणूस आधी त्यांच्या टकलाशी बोले. भिंतीवरचे बॉक्सही हातभर वर गेले. दूध तपासणाऱ्या बाईंची खुर्ची निरुपयोगी झाली. त्या म्हणाल्या, "उभ्याने दूध तपासू? मी काय पहारेकरी आहे?" त्यांच्यासाठी वायरमनने दोन रिकाम्या पेट्यांवर फळी ठोकून उंच बैठक केली. तिच्यावर बसल्यावर त्यांना सगळं केंद्र दिसू लागलं आणि त्यांचा विरोध मावळला.

दोन दिवस सून शिडीवर आणि सासरा शिडीखाली. ती करंगळीचं नख मापाला लावून साल काढी, पीळ शेवटपर्यंत ठेवी आणि ठोके. तो खालून एकेक वस्तू वर देई. एकदा जोडी हातात घेतली तर बोटं आपोआप तिला उलगडायला लागली.

"मामंजी!"

"मी कुठे काय केलं?" त्याने हात मागे घेतले आणि पाठीशी बांधले. पुढचा तासभर तो वस्तू दाताने देण्याचा विचार करत होता.

दूधवाले थांबून बघत.

"काय वायरमन, आज जमिनीवर?"

"वरचं काम सोपं असतं," वायरमन म्हणाला. "खालून धरायला अनुभव लागतो."

"सुनेने हाताखाली घेतलं म्हणा की."

"घेतलं. तुला कुणी घेत नाही, त्याचं बघ." असं म्हणून त्याने शिडी आणखी घट्ट धरली.

शनिवारी तपासनीस आला. फाटकात बूटवालाही आला होता, कुणी ये म्हणायच्या आधीच, बूट पुसून. यंत्र लागलं. पहिली लाइन, हिरवी. दुसरी हिरवी. सासूबाई बोटांवर मोजत होत्या. तेवीस हिरव्या झाल्या. चोविसावी फाटकाची, नव्वद मीटरची. लाल.

बूटवाल्याने घसा खाकरला.

"थोडक्यात गेलीय," तपासनीस आकडे बघत म्हणाला. "मध्ये कुठेतरी दाबली गेलीय. या टोकापासून साठेक मीटरवर."

सून वर छताकडे बघू लागली. कुठे शोधायचं? वायरमनने शिडी सोडली. त्याचे कान लाल झाले होते.

"थंड खोलीच्या कोपऱ्यावर," तो म्हणाला. "तिथे मी काटकोन केलाय. गुण्या लावून. आणि चार पट्टे आवळलेत. पक्कडीने."

"का?" तपासनिसाने विचारलं.

"सरळ दिसावं म्हणून," वायरमन म्हणाला. सगळ्यांदेखत, बूटवाल्यादेखत, त्याने ते सांगितलं. मग स्वतःच शिडी उचलून कोपऱ्यापाशी नेली. पत्रा तापलेला. तो वर चढला, सुनेने खालून शिडी धरली. त्याने एकेक पट्टा कापला. वायरीचा काटकोन दोन्ही तळव्यांत धरून, तापलेल्या लेकराची मान सांभाळावी तसा, हळूहळू गोल केला. घाम नाकावरून टपकून सुनेच्या कपाळावर पडला. ती हलली नाही.

"ढिली सोडा, मामंजी. लोंबू द्या."

"लोंबतेय," तो डोळे मिटून म्हणाला. "घाण दिसतेय."

"दिसू द्या."

यंत्रावर हिरवी खूण आली. सासूबाईंनी चोविसावं बोट मोजलं. बूटवाला घड्याळ बघून म्हणाला की त्याला दुसरीकडे जायचं आहे. जाताना त्याचा एक बूट दुधाच्या डबक्यात पडला, पण तिकडे बघायला कुणाला सवड नव्हती. पाणी घालणारा दूधवाला तेवढा खरोखर खिन्न दिसत होता.

व्यवस्थापकांनी देखभालीचा कागद काढला आणि भिंतीकडे तोंड करूनच विचारलं, "तंत्रज्ञ म्हणून नाव कुणाचं घालू?"

तीस वर्षं गावातल्या प्रत्येक कागदावर या जागी एकच नाव येत होतं. सून खाली बघत होती. सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. वायरमनने बनियनला हात पुसले, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

"सूनबाईचं घाला," तो म्हणाला.

"मामंजी..."

"घाला म्हटलं ना. मला हे येत नाही. मला ते सरळ करायचं तेवढं येतं."

व्यवस्थापक अवघडून मागे वळले; एवढ्या जागेत त्यांना तेही कष्टाचं होतं. त्यांनी सुनेचं नाव लिहिलं. "आणि तुमचं? खाली एक रकाना आहे, मदतनीस म्हणून."

"लिहा," वायरमन म्हणाला.

सुनेचे डोळे भरून आले. सासूबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर दोन-तीनदाच पाहिलं असेल. तपासनिसाने यंत्र पिशवीत घालायचं थांबवलं. व्यवस्थापकांनी लिहून कागद सहीसाठी पुढे केला. वायरमनने चष्मा लावला, कागद नीट वाचला, पुन्हा वाचला, आणि व्यवस्थापकांच्या कानाशी वाकून अगदी हळू आवाजात म्हणाला,

"साहेब, तेवढं 'मदतनीस'च्या आधी 'वरिष्ठ' घालता का? जागा नसली तर बारीक अक्षरात चालेल."